एक रवा गेला कुठं?

नमस्कार श्रोतेहो. बोलायचंय पेशीतल्या ऊर्जेवर आणि वजनावर. पण आधी तुम्हाला कोल्हापुरात, गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेतो. रात्रीचे साडेनऊ, म्हशी ओळीनं उभ्या, डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ ग्लास हातात येतोय. फ्रिजमधल्या पिशवीला मी दूध म्हणत नाही, तो विषय पुन्हा कधीतरी.

तिथं आमचे एक वस्ताद येतात. कुस्ती सुटून तीस वर्षं झाली, खुराक काही सुटला नव्हता. गुडघे बोलायला लागले तेव्हा डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. वस्तादांचा दवाखान्यातल्या काट्यावर विश्वास नाही. दर महिन्याला गुळाच्या अडतीत जायचे, आणि गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, तोलतात त्या काट्यावर चपला काढून उभे राहायचे. वर्षभरानं एका रात्री कट्ट्यावर म्हणाले, "मास्तर, बरोब्बर धा किलो उतरलं. गुळाचा एक रवा गेला अंगावरनं. पर त्यो गेला कुठं?"

झालं, कट्टा पेटला. एक म्हणाला घामातनं. दुसरा म्हणाला परसाकडंला. जिमला जाणारं एक पोरगं म्हणालं, "वस्ताद, चरबीचं मसल झालं."

"मग काट्यावर कमी कसं भरलं रं?" वस्तादांनी विचारलं. पोरगं गप्प.

मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलेला माणूस. म्हणालो, "वस्ताद, तुमचा रवा नाकावाटे हवेत गेला."

"मास्तर, ग्लासात दूधच हाय न्हवं?"

हसू नका, श्रोतेहो, हे खरं आहे. आपल्या बहुतेक पेशींत तंतुकणिका असतात, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्या. साखर आणि चरबी तिथं ऑक्सिजनवर जळते आणि एटीपी तयार होतं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन. पेशीची बहुतेक कामं ह्या एटीपीवर चालतात. गुऱ्हाळाचं चुलाण आठवा. चिपाडं जळतात, काहील उकळते, आणि चिपाडांचं वजन धुराड्यातनं वर जातं. आपलं धुराडं म्हणजे नाक. १० किलो चरबी पूर्ण जळली, तर तिच्यातलं ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जातं, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. जळताना एकोणतीस किलो ऑक्सिजन लागतो, तो निराळा.

आता मुद्द्याचं. हे चुलाण जळण घातलं म्हणून भडकत नाही. एटीपी खर्च झालं, तरच ते जोरात चालतं. पुन्हा सांगतो, आधी खर्च, मग जळण. एटीपी साठवून ठेवता येत नाही, म्हणून जास्तीचं खाल्लेलं चरबी होऊन बसतं. रोज चालणाऱ्याच्या, बैठका मारणाऱ्याच्या स्नायूंत तंतुकणिका वाढतात, म्हणजे चुलाणंच वाढतात. रंकाळ्यावर चालायला गल्लीतनं गाडी काढून जाणाऱ्यांनी हे जरा ऐकावं.

खर्च न करताच जाळायची युक्तीही माणसानं करून बघितली आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफेनॉल नावाचं औषध वजन उतरवायला देत. त्यानं जळण जळायचं, पण एटीपी होण्याऐवजी नुसती उष्णता व्हायची. माणसं बारीक झाली, आणि काही अंगातल्या तापानंच मेली. तेव्हा चरबी वितळवणारी पावडर कुणी हातात ठेवली, तर आत काय आहे ते आधी विचारा.

तर कट्ट्यावर. माझं सांगून होतंय तोवर ते जिमचं पोरगं भात्यासारखं फुसफुस श्वास सोडायला लागलं. वजन उतरवत होतं! चार-पाच श्वासांत त्याला गरगरलं, म्हशीच्या खुंट्याला धरून उभं राहिलं.

वस्ताद म्हणाले, "आरं, नुसतं धुराडं हालवून चिपाड जळतंय व्हय? जा, रंकाळ्याला एक येढा मारून ये, दम आपसूक लागंल."

तेवढ्यात गवळ्यानं सवयीनं वस्तादांपुढं दुसरा ग्लास धरला. काठापर्यंत फेस. वस्तादांनी तो हातात घेतला, तोलल्यासारखा वरखाली केला आणि परत दिला.

"नको गा," म्हणाले, "ह्येचा श्वास करायला लई चालाय लागंल."