प्रकाशनसंस्थेचा सौदा: परतीचा माल आणि लेखकाचा कागद

मंडळी, दिल्लीतला मोठा प्रकाशक दुसऱ्या राज्यातली प्रकाशनसंस्था विकत का घेतो? प्रत्येक मंडळाचा अभ्यासक्रम वेगळा, भाषा वेगळी, आणि शाळाशाळांत ओळख असलेले विक्री प्रतिनिधी एका हंगामात उभे राहत नाहीत. दिल्लीच्या एस. चंद या प्रकाशकाने २०१६च्या अखेरीस कोलकात्याच्या छाया प्रकाशनीचा ७४ टक्के हिस्सा घेतला, त्यामागे बंगालची आयती बाजारपेठ होती. आपल्याकडे राज्य मंडळाची पाठ्यपुस्तकं बालभारती काढते. म्हणजे नागपूरच्या प्रकाशकापाशी विकण्याजोगं काय? गाईडं, सरावपुस्तिका, प्रश्नसंच आणि विद्यापीठाची क्रमिक पुस्तकं.

सगळ्यात मोठा घोळ येण्यांच्या आकड्यात होतो. समजा ३१ मार्चच्या ताळेबंदात विक्रेत्यांकडून ४ कोटी येणं दिसतंय. पण पुस्तकं परतीच्या बोलीवर, म्हणजे न खपलेली परत घेण्याच्या अटीवर, गेलेली असतात. त्यातला चौथा हिस्सा परत आला की १ कोटीचं येणं पुसलं जातं आणि बदल्यात गोदामात येतात ते कोपरे दुमडलेले गठ्ठे. दिल्लीचा हिशेबनीस केंद्रीय मंडळाच्या एप्रिलच्या हंगामावरून अंदाज बांधतो. विदर्भात राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी भरतात, म्हणजे परतीचा माल पावसाळ्यात येतो. तोवर सौदा पुरा होऊन पैसे पोचलेले असतात, आणि मग भांडण. त्यावर उपाय साधा आहे. मागच्या तीन वर्षांची परत आलेल्या मालाची नोंदवही महिनावार मागा. किमतीचा काही भाग सप्टेंबरपर्यंत एस्क्रो खात्यात, म्हणजे अटी पुऱ्या होईपर्यंत पैसे तिऱ्हाइताकडे राहतात अशा खात्यात, अडकवून ठेवा. अभ्यासक्रम बदलणाऱ्या इयत्तांचा साठा रद्दीच्या भावाने धरा. छापील किमतीने धरणारा फसलाच.

आता कागदपत्रं. गाईडाचे धडे चार शिक्षक लिहितात, मानधन घेतात, व्हाउचरवर सही करतात. ते व्हाउचर म्हणजे हक्कपत्र नव्हे. लेखक प्रकाशकाचा नोकर नसेल तर स्वामित्वहक्क मुळात लेखकाचा. १९५७च्या कायद्याच्या कलम १९प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणखी एक मेख आहे: घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो संपतो. डिजिटल आवृत्तीच्या आशेने संस्था घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. शीर्षकवार, म्हणजे एकेका पुस्तकाचा, तक्ता करा: लेखक, कराराची तारीख, मुदत, माध्यमं, थकलेली रॉयल्टी. ज्या शीर्षकाचा कागद नाही त्याची किंमत शून्य धरा. विक्रेत्याने लेखकाकडून नवा करार आणला तर वाढवा. बालभारतीचा मजकूर जसाच्या तसा घेतला असेल तर परवानगीही तपासा.

कर्ज काढून केलेली खरेदी कुठवर नेते, ते अमेरिकेत दिसलं. थॉमसन लर्निंग ही पाठ्यपुस्तकांची कंपनी २००७ मध्ये सुमारे ७७५ कोटी डॉलरना विकली गेली, तिचं नाव सेंगेज झालं, आणि २०१३ मध्ये तिने दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं. जुनी आणि भाड्याची पुस्तकं वाढली, विक्री घटली, व्याज मात्र तेवढंच राहिलं. पुढे सेंगेज आणि मॅग्रॉ-हिल हा दुसरा पाठ्यपुस्तक प्रकाशक यांनी २०१९ मध्ये विलीनीकरण जाहीर केलं. स्पर्धा टिकावी म्हणून काही शीर्षकं दुसऱ्यांना विकून टाका, असं तिथल्या सरकारचं म्हणणं होतं; त्यावर जमलं नाही आणि २०२० मध्ये ते सोडून दिलं. आपल्या आकाराच्या सौद्यांना स्पर्धा आयोगाची चिंता सहसा नसते.

आपली चिंता जुन्या देण्यांची. कंपनीचे समभाग घेतले की थकलेला कर, भविष्यनिर्वाह निधी, कोर्टातले दावे सगळं कंपनीसोबत येतं. फक्त शीर्षकं आणि साठा घेतला तर त्यातलं बरंचसं मागे राहतं, पण मग प्रत्येक हक्काचं हस्तांतरण वेगळं लिहावं लागतं. लेखकाच्या करारात संमतीची अट असेल तर तीही. विकणाऱ्याला शेवटचा हप्ता पुढच्या हंगामाच्या विक्रीवर देऊ केला, तर ‘विक्री’ म्हणजे परतावा वजा जाता विक्री की बिलाची रक्कम, आणि मध्येच अभ्यासक्रम बदलला तर काय, हे करारात लिहिल्याशिवाय सही करू नये.