शाळिग्रामाच्या पोटात

(दृश्य: तांब्याचं ताम्हन, त्यात काळाभोर गोटा. वरून पाण्याची बारीक धार.)

देवघरातला शाळिग्राम. रोज न्हातो, पुसला जातो, डोक्यावर तुळशीचं पान घेऊन जागेवर बसतो. कार्तिकात त्याचं तुळशीशी लग्नही लागतं. आता या नवरदेवाचं गाव बघू.

(दृश्य: नेपाळ, मुस्तांग. काली गंडकीचं रुंद, राखाडी पात्र.)

साधारण 15 कोटी वर्षांपूर्वी इथं हिमालय नव्हता. टेथिस समुद्र होता आणि त्याच्या तळाशी काळा, मऊ चिखल. त्यात मेलेला अ‍ॅमोनाइट येऊन पडायचा. गुंडाळलेल्या शंखात राहणारा हा प्राणी म्हणजे आपल्या कोकणातल्या माकुळाचा लांबचा भाऊबंद. तो कुजायला लागला की भोवतीच्या चिखलातलं रसायन बदलायचं, क्षार धरायचे आणि शंखाभोवती टणक गाठ तयार व्हायची. वर थरांवर थर साचले, त्या ओझ्यानं बाकीचा चिखल दबून पाटीसारखा पापुद्र्यांचा दगड झाला. गाठ मात्र आधीच घट्ट झालेली, त्यामुळे आतला शंख चेपला नाही. हीच गाठ म्हणजे आपला शाळिग्राम. भोवतीच्या पापुद्र्यांच्या काळ्या दगडाला भूवैज्ञानिक ‘स्पिती शेल’ म्हणतात, हिमाचलातल्या स्पितीवरून.

(दृश्य: तळहातावर गोटा, अगदी जवळून.)

इतर ठिकाणी जीवाश्म शोधणारे अशी गाठ हातोडीनं फोडतात. शाळिग्रामावर हातोडी कोण उचलणार? तो बाहेरूनच वाचायचा.

आधी कड. गोटा सावकाश फिरवा, उजेड तिरपा पडू द्या. कडेवर ओळीनं बारीक उंचवटे दिसले, तर त्या शंखाच्या बरगड्या. आता एकाच बरगडीवर नजर ठेवा. आतून एक निघते आणि बाहेरच्या कडेकडे जाताना दोन होते, झाडाला फाटा फुटावा तशी. इथल्या कितीतरी अ‍ॅमोनाइटांची ही खूण. शिवाय वेटोळं बाहेर जाईल तसं रुंदावत जातं, कारण प्राणी वाढत होता. सगळ्या रेघा मापून काढल्यासारख्या एकसारख्या असतील, तर कुणाची तरी छिन्नी फिरलेली असण्याची शंका घ्यावी.

मग मुख. म्हणजे गोट्याला असलेलं भोक. जाणकार भाविक तिथूनच आतली चक्रं पाहून लक्ष्मीनारायण की सुदर्शन ते ठरवतात. भूवैज्ञानिकही डोळा लावतो तो तिथंच. शंखातले कप्पे, कप्प्यांत पांढरे स्फटिक, कधी सोन्यासारखी चमक. ते सोनं नव्हे, पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज. पुराणात म्हणे वज्रकीट नावाचा किडा दगड कोरून चक्रं काढतो. दगडात जीव होता, इतकं तरी कथेनं बरोबर ओळखलं!

फसायलाही होतं. गंजाची गोल वलयं शंखासारखी भासतात. मँगनीजची काळी नक्षी हुबेहूब नेच्याचं पान वाटते. आणि आपल्या सह्याद्रीतला स्फटिकांनी भरलेला गोल दगड म्हणजे डायनासोरचं अंडं नव्हे, तो लाव्हातल्या बुडबुड्याच्या पोकळीत तयार झालेला असतो.

(दृश्य: पात्राच्या काठानं वाकून चालणारी एक बाई.)

नदी फुगली की कडे ढासळतात, नव्या गाठी पात्रात येतात. पाणी उतरलं की माणसं अशी खाली बघत चालतात. बाईनं एक गोटा उचलला. पाण्यात बुचकळला. अंगठा कडेवरून फिरवला, एकदा, परत एकदा. बरगडी लागली नाही.

(आवाज: दगड पाण्यात पडल्याचा.)