रत्नागिरीतले पुरुष गेले कुठे?

(प्राथमिक शिक्षकांसमोर केलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, महाराष्ट्राची लोकसंख्या किती, असं पाचवीच्या मुलाला विचारा. तो घडाघडा सांगेल, ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३. मग विचारा, यात तू आहेस का? तो 'हो' म्हणेल. पण हा आकडा २०११चा आहे आणि तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. २०२१ची जनगणना कोविडमुळे राहिली. म्हणजे तुमच्यासमोर बसलेला अख्खा वर्ग अजून एकदाही मोजला गेलेला नाही. सुरुवात इथूनच करा, मुलं लगेच कान टवकारतात.

आता एकेक आकडा सुटा पाठ करून घेणं थांबवू या. दोन आकडे शेजारी मांडा. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. फळ्यावर एवढंच लिहा आणि थांबा. कुणीतरी विचारणारच, रत्नागिरीतले पुरुष गेले कुठे? कोकणातल्या मुलांना उत्तर घरातच सापडतं. कुणाचे काका मुंबईला, कुणाचे बाबा गणपतीला आणि शिमग्याला तेवढे येणारे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, हेही सांगा. मुंबई शहर जिल्ह्याचीही घटली. ती का, हे मात्र मुलांनाच शोधू द्या.

बीडचा आकडा वेगळा आहे, आणि तो सांगताना माझा जीव आजही तुटतो. सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलांमागे २००१ साली ८९४ मुली होत्या, २०११ साली ८०७. एवढी लहान मुलं काही कामधंद्यासाठी परगावी जात नाहीत. या मुलींना जन्मच घेऊ दिला गेला नाही. आठवी-नववीच्या वर्गात हे स्पष्ट शब्दांत बोललं पाहिजे. मुलींसमोर कसं बोलायचं, असा संकोच मला मान्य नाही. आकडा त्यांच्याबद्दलचाच आहे.

लहान वर्गांसाठी वस्तीची जनगणना करा. आधी नियम ठरवा, कारण खरी गंमत नियमांतच आहे. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. मग एकाच घरात दोन भावांच्या चुली वेगळ्या असतील तर? दोन कुटुंबं. येत्या जनगणनेचा संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणी असलेली माणसं मोजायची तो क्षण, आहे २८ फेब्रुवारी संपून १ मार्च २०२७ सुरू होतो ती मध्यरात्र. बारा वाजून पाच मिनिटांनी जन्मलेलं बाळ मोजायचं का? नाही. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब? रस्त्यावर झोपणारा माणूस? २०११ साली बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री, ते झोपतात तिथे जाऊन केली होती. हे ऐकताना मुलांचे चेहरे बघा.

आणि एक गोष्ट विसरू नका. जनगणनेत दिलेली वैयक्तिक माहिती १९४८च्या कायद्यानं गोपनीय असते. ती कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. आपल्यापैकी अनेकजण प्रगणक म्हणून दारोदार फिरणार आहेत. दार उघडणारी आजी नावं सांगायला कचरेल, तेव्हा हे तिला समजावून सांगणारं नातवंड घरात असायला हवं. त्याची तयारी याच वर्षी वर्गात करून घ्या.