कळतंय, पण वाटत नाही

मंडळी, आपल्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. पाणी आलं की हंडे, पिंपं, बादल्या भरून ठेवायच्या, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. अशाच एका घरातली बाई काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. म्हणजे नवऱ्यानं आणली. तिची परवानगी घेऊनच सांगते आहे. तक्रार नवऱ्याचीच होती, ‘डॉक्टर, दुसऱ्याच दिवशी पिंप रिकामं होतंय.’ ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, हात कशालाच लागू नयेत म्हणून पुढं अधांतरी धरून. बोटांची कातडी पांढरी पडून सोललेली, मनगटापर्यंत बारीक चिरा. कपड्याच्या साबणानं हात धुवायची. सकाळी मोरीत शिरली की दीड तास. मध्ये कुणी हाक मारली की मोजणी चुकायची आणि मग पुन्हा एकपासून.

मी विचारलं, ‘हात स्वच्छ झालेत हे कळत नाही का?’ ती म्हणाली, ‘कळतंय हो. पण वाटत नाही.’

या आजाराचं इतकं नेमकं वर्णन मला पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही. आपल्याकडे त्याला मंत्रचळ म्हणतात, दवाखान्यात ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. तिला सासरी सहा वर्षं ‘फार सोवळी’ म्हणून वाखाणलं गेलं. याचा मला आजही राग येतो. टापटिपीची आवड असणाऱ्या माणसाला टापटिपीतून समाधान मिळतं. या बाईला कशातूनच मिळत नव्हतं, आणि त्याचं कारण तिच्या मेंदूत होतं.

डोळ्यांच्या वर, कपाळाच्या मागे मेंदूचा एक भाग आहे, ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स. ‘काहीतरी चुकतंय’ ही जाणीव उठवण्यात त्याचा वाटा असतो. तो निरोप मेंदूच्या आत खोलवर कॉडेट नावाच्या पेशींच्या पुंजक्याकडे जातो, तिथून पुढं थॅलॅमसकडे आणि फिरून कॉर्टेक्सकडे. काम झालं की हा निरोप विझायला हवा. मंत्रचळात हे वर्तुळ तापलेलंच राहतं. हात धुतल्याचं बुद्धीला कळतं, पण ‘झालं’ ही भावना येतच नाही. म्हणून ‘मनाला आवर घाल’ हा सल्ला या रुग्णांना देऊ नका. आवर घालायचा त्यांनी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त प्रयत्न केलेला असतो.

आता जरा मागे जाते, कारण या आगीत तेल ताणाचं पडतं. ताण आला की कानशिलाच्या आत बदामाएवढा अमिग्डाला जागा होतो, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात, छाती धडधडते. समोर बैल उधळला तर हे हवंच. पण महिनोन्‌महिने असंच चाललं तर? बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना दहा दिवस रोज दोन तास जखडून ठेवलं. आठवणी जपणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या, आणि भीती जपणाऱ्या अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या उलट वाढल्या. हे २००२ साली प्रसिद्ध झालं. पुढच्या प्रयोगात त्यांनी उंदरांना तीन आठवडे विश्रांती दिली. हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डाला मात्र तसाच राहिला. संकट टळल्यावरही माणूस दचकत का राहतो, याचा थोडा अंदाज यावरून येतो.

आणि दचकलेला माणूस सुटका शोधतो. माझं सगळं म्हणणं या सुटकेभोवती आहे.

पॉवरलूमवर रातपाळी करणारा माणूस सांगतो, ‘मॅडम, तंबाखूनं डोकं शांत होतं.’ तो खोटं बोलत नाही. तळहातावर चुना लावून मळतात ना, त्या चुन्यामुळं निकोटीन तोंडाच्या त्वचेतून लवकर रक्तात उतरतं आणि मेंदूत डोपामीन, म्हणजे ‘हे पुन्हा हवं’ असं वाटायला लावणारं रसायन, वाढतं. पण दोन-तीन तासांनी निकोटीन ओसरलं की चिडचिड सुरू होते, आणि पुढची चिमूट ती चिडचिड शमवते. म्हणजे तंबाखूनंच लावलेली आग तंबाखू विझवते. मिश्री लावणाऱ्या बायकांचंही हेच. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांवर दाखवलं की फळांचा रस मिळण्याआधी रोज ठरलेली खूण दिली, तर काही दिवसांनी डोपामीनच्या पेशी रसाऐवजी त्या खुणेलाच उसळतात. व्यसन सोडलेल्या माणसाला पुडी फाडल्याच्या आवाजानं तोंडाला पाणी सुटतं, ते का, हे इथं समजतं. त्याला निर्लज्ज म्हणू नका.

दोन्हीकडे मेंदू एकच धडा घेतो: हे केलं की बरं वाटतं. हात धुतल्यावर तिला पाच मिनिटं बरं वाटायचं, आणि तेवढ्यासाठी मेंदू पुढच्या वेळी आणखी जोरानं धुवायला लावायचा.

म्हणून उपचार सुटकेलाच हात घालतो. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञांनी असे रुग्ण किळस वाटणाऱ्या वस्तूंच्या जवळ नेले आणि नंतर धुऊ दिलं नाही. ऐकायला क्रूर वाटतं. पण भीतीची लाट चढते, टिकते आणि न धुताही उतरते, हे मेंदूला अनुभवातूनच शिकवावं लागतं. सोबत नैराश्यावर देतात त्यातल्याच काही गोळ्याही असतात. नैराश्यापेक्षा बहुधा जास्त मात्रेत आणि आठ ते बारा आठवडे धीर धरून. लुईस बॅक्स्टर या मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ साली दाखवलं की गोळ्यांनी बरे झालेले असोत की नुसत्या वर्तनोपचारानं, दोघांच्याही उजव्या कॉडेटमधली धग उतरली होती. मला हे फार मोठं वाटतं. सरावानंही मेंदूची चाल बदलते.

या बाईचा पहिला धडा होता भाजीच्या पिशवीला हात लावून गप्प बसायचं. घड्याळ समोर. पहिल्या दिवशी ती पंचवीस मिनिटं रडली आणि मग उठून धुवायला गेलीच. चौथ्या दिवशी गेली नाही.

खरी अडचण नवऱ्याची झाली. दिवसातून चाळीस वेळा ती विचारायची, ‘झाले ना हो स्वच्छ?’ आणि तो मायेनं म्हणायचा, ‘झाले गं.’ त्याचं ते ‘झाले गं’ म्हणजेही एक धुणंच होतं. ते बंद करा म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. ‘एवढंच तर करता येतं मला तिच्यासाठी,’ म्हणाला. आम्ही तिघांनी बसून एक वाक्य ठरवलं: ‘मी उत्तर देणार नाही, पण इथंच बसतो.’ पुढचे दोन महिने तो हेच म्हणायचा आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहायचा.