बारा फ्रेमा आणि गोदाघाटाचा काळा दगड

(दृश्य : पहाटेचा गोदाघाट. पायऱ्या, पाणी, देवळाचं शिखर. काही क्षण फक्त घाटाचा आवाज.)

जुनं नाशिक काळ्या दगडात बांधलेलं आहे. गोदाघाटाच्या पायऱ्या, नारोशंकराचं देऊळ, काळाराम मंदिर, वाड्यांची जोती, जिकडे पाहाल तिकडे बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तयार झालेला हा दगड पाण्याने भिजला की आणखी काळा होतो. आणि त्याच पायऱ्यांवर सकाळी येतात पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, उन्हात वाळत घातलेले पंचे. ज्याला कृष्णधवल फोटो काढायचे आहेत त्याने आणखी काय मागावं?

पण हाच दगड फोटोग्राफरची खरी परीक्षा घेतो. मोबाईल त्याला उजळवून राखाडी करून टाकतो. घाईत काढलेल्या फोटोत त्याचा नुसता काळा डाग उरतो. आज जुन्या कॅमेऱ्यात रोल घालून आम्ही त्याचे फोटो काढणार आहोत. आम्हाला तो काळाच हवा आहे, पण छिन्नीच्या खुणांसकट, पावलांनी गुळगुळीत झालेल्या कडांसकट, सांध्यातल्या शेवाळासकट.

(दृश्य : हातात कॅमेरा. वरचं झाकण उघडतं, काचेवर घाट दिसतो.)

हा यशिका मॅट १२४ जी. जपानी बनावटीचा, साधारण १९७० पासूनचा. समोर दोन लेन्स. वरच्या लेन्समधून आपण बघतो, खालच्या लेन्समधून फिल्म बघते. या जातीच्या कॅमेऱ्याला वळण लावलं जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या रोलायफ्लेक्सने, १९२९ साली. पुढे जपानमध्ये, चीनमध्ये, रशियात त्याची भावंडं निघाली. आपल्याकडे लग्नाचे आणि स्टुडिओचे कितीतरी फोटो अशाच दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यांनी काढले. घरात असायचा तो साधा आग्फा क्लिक थ्री, बडोद्याला तयार होणारा. त्याच्या मागे एक छोटी लाल खिडकी असते, तिच्यातून फ्रेमचा आकडा दिसतो.

यातल्या बहुतेकांत एकच रोल चालतो : १२० नंबर. कोडॅकने तो १९०१ मध्ये आणला आणि आजही तोच मिळतो. सव्वाशे वर्षं माप बदललेलं नाही, म्हणून तर आजोबांच्या कॅमेऱ्यात आजचा रोल बसतो. फिल्मच्या मागे काळा कागद, कडेला भोकं नाहीत, आणि चौकोनी फोटो असेल तर मिळतात बारा फ्रेमा. प्रत्येक फ्रेम ५६ मिलिमीटर बाय ५६ मिलिमीटर. नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या फ्रेमपेक्षा क्षेत्रफळ साडेतीन पटीहून जास्त. दगडाचा पोत हवा असेल तर हा मोठेपणा उपयोगी पडतो, कारण मोठी प्रिंट काढली तरी फिल्मचा दाणा वर येत नाही, दगडाचा खरखरीतपणा दगडाचाच राहतो.

उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ नावाचा रोल एकेकाळी गावोगावच्या स्टुडिओत असायचा. तो कारखाना बंद पडला. आता रोल परदेशातून येतात : इंग्लंडचा इल्फर्ड, अमेरिकेचा कोडॅक, चेक प्रजासत्ताकातला फोमा. स्वस्त नाहीत. आजच्या कॅमेऱ्यात आहे इल्फर्डचा एचपी फाइव्ह, ४०० स्पीडचा. स्पीड म्हणजे फिल्म उजेडाला किती तेज आहे त्याचा आकडा.

(दृश्य : रामकुंडाची बाजू. माणसं लांबून, चेहरे ओळखू न येतील असे.)

कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून काचेत बघायचं. काचेवरचं चित्र डावं-उजवं उलटं असतं. माणूस डावीकडे चालला की काचेत तो उजवीकडे जातो, त्याच्या मागे कॅमेरा फिरवायची सवय व्हायला वेळ लागतो. समोरच्याला मात्र आपण रोखून बघतोय असं वाटत नाही. म्हणूनच इथे जास्त जपायला हवं. रामकुंडावर लोक अस्थी घेऊन येतात, दहाव्याचे विधी करतात, मुंडन करतात. दुःखात असलेल्या माणसाचा फोटो चोरून काढता येतो म्हणून काढायचा नाही. आम्ही त्या विधींकडे कॅमेरा वळवलाच नाही.

फुलं विकणाऱ्या एका मावशींना विचारलं, त्यांनी उलट आम्हालाच विचारलं.

“भाऊ, ह्याच्यात फोटो दिसतो कुठं?”

“आत्ता नाही दिसत मावशी. रोल धुतला की दिसेल.”

“मग काढा. पण टोपली बी येऊ द्या.”

टोपलीत झेंडू होता, केशरी आणि पिवळा. बाजूला कुंकवाचा ढीग. कृष्णधवल फिल्मवर हे रंग कसे उतरतील ते फिल्टरवर ठरतं. पिवळा फिल्टर लावला की निळं आकाश जरा गडद होतं आणि झेंडू उजळतो. लाल फिल्टर लावला तर कुंकू पार फिकट पडतं, कपाळावरून पुसल्यासारखं. इथे ते चालणार नाही. पिवळाच ठेवला.

जुन्या काळी हा प्रश्न उलटा होता. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे कुंकू काळं यायचं. ती फिल्म लाल दिव्याच्या उजेडात धुता यायची. दादासाहेब फाळक्यांनी तसल्याच फिल्मवर काम केलं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके १९१३ मध्ये मुंबईत पहिला कथाचित्रपट पूर्ण करून नाशिकला आले, इथेच त्यांनी पुढचे चित्रपट केले आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला इथेच त्यांचं निधन झालं. कडेला भोकं नसलेली कोरी फिल्म यायची, तिला अंधारात बसून भोकं पाडायचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याची रसायनंही त्या हाताळत. नाशिकला फिल्मचा इतिहास सांगताना त्यांचं नाव मोठ्याने घ्यायला हवं असं मला वाटतं.

(दृश्य : काळाराम मंदिराचा बाहेरचा दरवाजा. सावलीतला दगड, समोर ऊन.)

आता आजच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. दगडावर मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, धरायचा.

मीटरला दगड कळत नाही. त्याच्यासमोर काहीही धरा, तो ते मधल्या राखाडी छटेचं आहे असं समजून आकडा देतो. सावलीतल्या या दगडावर मीटर धरला, फिल्मचा स्पीड ४०० ऐवजी २०० लावला (म्हणजे फिल्मला दुप्पट उजेड मिळतो), तर आकडा आला : शटर साठ, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, आणि अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, ५.६. हा आकडा जसाच्या तसा घेतला तर दगड राखाडी होईल आणि बाहेरचं ऊन फिल्मवर भडकून जाईल. म्हणून भोक दोन स्टॉप बंद करायचं, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. ५.६ वरून ८, ८ वरून ११. साठला ११. आता दगड काळा येईल आणि त्यातल्या खुणाही राहतील. अमेरिकेत अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास छटांची जी पद्धत बसवली, तिच्यात या जागेला तिसरी पायरी म्हणतात : गडद, पण पोत दिसणारी.

दोन स्टॉपच का? तीन बंद केले तर? इथे चांदीचा हिशोब समजून घ्यावा लागतो. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. जिथे उजेड पडतो तिथे डेव्हलपर या रसायनात त्या क्षारांची चांदी होते आणि ती काळी दिसते. जिथे उजेड पडत नाही तिथले क्षार पुढे हायपो या दुसऱ्या रसायनात विरघळून निघून जातात. म्हणजे निगेटिव्हवर पांढऱ्या धोतराच्या जागी चांदीच चांदी, आणि काळ्या दगडाच्या जागी ती अगदी थोडी. दगडाला उजेड कमी पडला की तिथे काहीच उरत नाही, नुसती स्वच्छ पारदर्शक फिल्म. मग डार्करूममध्ये कितीही खटपट करा, जे फिल्मवर आलंच नाही ते प्रिंटवर येत नाही. जुने स्टुडिओवाले वापरलेला हायपो फेकत नसत, त्यातली चांदी काढून घेणारे लोक तो विकत घ्यायचे. चांदीच्या भांड्यांसाठी आणि मूर्तींसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात ते कुणाला वेगळं सांगायला लागलं नसेल.

या दारासाठी एक फ्रेम आधीपासून राखून ठेवली होती. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. तो पुढे काही वर्षं चालला आणि तेवढा काळ ही दारं सत्याग्रहींसाठी उघडली नाहीत. ज्या दगडासमोर माणसं उभी राहिली तो दगड फोटोत धड दिसायला हवा. इथे मीटर पुन्हा पुन्हा धरून पाहिला. कॅमेरा तिपाईवर, शटरला केबल लावून, श्वास रोखून एकच फ्रेम.

(दृश्य : घरातली मोरी. बाटल्या, टाकी, थर्मामीटर, माठ.)

स्पीड २०० लावल्यामुळे बाहेरच्या उन्हाच्या जागी जो उजेड जास्तीचा गेला, त्याचा तोल फिल्म धुताना सांभाळायचा. डी-७६ या डेव्हलपरमध्ये, एकास एक पाणी घालून, २० अंश तापमानाला एचपी फाइव्हला साधारण ११ ते १३ मिनिटं लागतात. आज आम्ही १० मिनिटांवर थांबणार. शेवटच्या मिनिटांत सावल्या फारशा वाढत नाहीत, वाढतात त्या उजळ जागा. वेळ कमी केला की धोतराचे पांढरे भाग आटोक्यात राहतात आणि दगड जिथे होता तिथेच राहतो.

डी-७६ घरी बनवता येतं. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. कोमट पाण्यात चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग बाकीचं याच क्रमाने. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि ही भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

अडचण तापमानाची. थंडीत नाशिकमध्ये ती नसते, उलट पाणी कोमट करून घ्यावं लागतं. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली जातो त्या दिवसांत तर नळाखाली हात धरवत नाही. एप्रिल-मे मध्ये मात्र गच्चीवरच्या टाकीचं पाणी पोळतं. तेव्हा आदल्या रात्री माठ भरून ठेवायचा. नाशिकचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे माठ चांगला झिरपतो आणि पाणी बरंच खाली येतं. उरलेले अंश परातीत बर्फाचं पाणी घेऊन, त्यात बाटल्या उभ्या करून उतरवायचे. डेव्हलपर, हायपो आणि धुण्याचं पाणी, सगळं एकाच तापमानाला हवं. गरम-थंड झालं की फिल्मवरचा जिलेटिनचा थर दुखावतो.

हायपोनंतर फिल्म पाण्याने धुवायला नळ सोडून ठेवायची गरज नाही. फिल्मच्या टाकीत ताजं पाणी भरा, पाच वेळा उलटी-सुलटी करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. इल्फर्डनेच सांगितलेली ही रीत आहे, ती रॅपिड फिक्सरसाठी, म्हणजे हायपोचंच काम लवकर करणाऱ्या रसायनासाठी. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, म्हणजे क्षाराचे डाग पडत नाहीत.

(दृश्य : दोरीवर लटकलेला रोल. नंतर आठ बाय दहाच्या कागदावर बारा चौकोन.)

बारा फ्रेमांच्या चार पट्ट्या आठ बाय दहा इंचाच्या एका कागदावर मावतात. एनलार्जर, म्हणजे फोटो मोठा करायचं यंत्र, लागत नाही. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून, वर काच दाबून, उजेड द्यायचा. अनेक घरांच्या जुन्या अल्बममधले ते छोटे चौकोनी फोटो असेच केलेले आहेत.

मावशींची टोपली आली आहे, झेंडू फुलून आला आहे, कुंकू मधल्या करड्या छटेत शाबूत आहे. घाटाच्या एका फ्रेममध्ये ओल्या पायऱ्या एकीत एक मिसळल्या आहेत, ती मोठी करणार नाही. काळारामाच्या दाराची फ्रेम मात्र भिंगाखाली धरली तर उंबऱ्याजवळच्या दगडावर छिन्नीचे घाव मोजता येतात. तीच आधी प्रिंट करायची, दोन नंबरच्या ग्रेडच्या, म्हणजे मध्यम कॉन्ट्रास्टच्या कागदावर.

(दृश्य : कपाटातून काढलेला धुळीचा कॅमेरा, टॉर्चच्या उजेडात लेन्स.)

तुमच्या घरी असा कॅमेरा असेल तर शटर एक सेकंदावर लावून ऐका. अडकत असेल तर आतलं जुनं वंगण घट्ट झालं आहे, ते साफ करून मिळतं. लेन्समधून टॉर्च मारून बघा, जाळीसारखं काही दिसलं तर ती पावसाळ्यातली बुरशी आहे. यशिकाच्या मीटरला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका, मोबाईलवरचा मीटर चालतो. आणि आत रोल असण्याची शक्यता असेल तर मागचं झाकण उघडू नका. आधी रोल शेवटपर्यंत फिरवून घ्या, अंधाऱ्या खोलीत काढा, काळा कागद घट्ट गुंडाळून चिकटवा आणि फिल्म धुणाऱ्याकडे न्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या रोलवरही चेहरे निघाल्याची उदाहरणं आहेत.