ळ कुठं ठेवायचा?

[अडकित्ता, हात, पानाचा डबा]
कट्. सुपारीचं खांड पानावर पडतं आणि मास्तर आपल्या शब्दकोशाची चिठ्ठी पुढ्यात ओढतात. अडकित्ता. कन्नडात अडके म्हणजे सुपारी, शब्द तिकडचाच. चिठ्ठी लागणार अक्का आणि अण्णा यांच्या मधे. क, ड, ण. तिन्ही पाहुणे एकाच गावचे!

[बिस्किटांचे पत्र्याचे डबे]
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं हे घर. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, कॅलेंडरची कापलेली पानं. एका चिठ्ठीवर एकाच शब्दाची नोंद, नाहीतर ती लावायची कुठल्या डब्यात? कपाटात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१ची. त्याला टेकून किटेलचा कन्नड कोश, १८९४चा.

[शेजारची चूल, धूर]
शेजारच्या कन्नड आजींची ही 'ओले', म्हणजे चूल. ओ आखूड. तोच लांबवला की 'ओले' म्हणजे पत्र. कन्नडात दोन्ही ओंना वेगळी अक्षरं आहेत. देवनागरीत एकच, आणि वर मराठी माणूस विचारणार, काय भिजलंय? म्हणून मास्तर चिठ्ठीच्या कोपऱ्यात कन्नड अक्षरही काढतात.

[संगणकाचा पडदा, नात, मास्तरांचा चष्मा]
नातीनं क डब्यातल्या चिठ्ठ्या संगणकात भरल्या, क्रम लावायला सांगितलं. कालवा, काळजी, कावळा.
"हे काय करायलाय गं ते?"
संगणक प्रत्येक अक्षराला क्रमांक देतो; त्या युनिकोडच्या तक्त्यात ळची जागा लच्या लगेच पुढं. नुसत्या क्रमांकांवर शब्द लावले की काळजी कावळ्याच्या आधी उडते. मास्तरांनी पाटीवर गिरवलेला ळ हच्या नंतरचा. कन्नड वर्णमालेतही तो हच्याच मागं. ळनं मराठी शब्द सुरू होत नाही, त्यामुळं त्याचा डबा नाही; सगळी भांडणं शब्दाच्या पोटात. क्षचं उलटं. पाटीवर तो शेवटच्या रांगेत, कोशात मात्र क् अधिक ष, म्हणून कच्या डब्यात.

१९५६ साली हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला. गावातल्या मराठी शाळेचा पट आता थोडाच उरलाय.

[शिवार, भाताची पेरणी, कुरी]
पेरणीच्या या अवजाराला पुण्याकडं पाभर म्हणतात, इथं कुरी. कुरीच्या चिठ्ठीवर मास्तरांनी दोन्ही बाजू भरल्यात: दांडी, फण, चाडं, बियाणं सोडणाऱ्या बाईची मूठ.

[दुसरी चिठ्ठी, जवळून]
पाभरीच्या चिठ्ठीवर दोनच शब्द. कुरी पहा.