उणे १९६ अंशात एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) जोड कुठून फाटतो?

नमस्कार मंडळी! वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यात एसएसचं वेल्डिंग करणाऱ्या आपल्या पोरांसाठी आजचा व्हिडिओ. द्रव ऑक्सिजन, द्रव नायट्रोजनच्या टाक्या आणि लाइनी आपल्याकडं आहेतच. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय, तिथंही द्रव नायट्रोजनचे क्रायोपंप, म्हणजे थंडीनं वायू गोठवून निर्वात करणारे पंप लागणार.

साधं लोखंड कडक थंडीत ठिसूळ होतं. ३०४चं, म्हणजे आपल्या नेहमीच्या एसएसचं तसं नाही. उणे १९६ला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या थंडीत, त्याची ताणशक्ती दुपटीच्याही वर जाते, आणि वारंवार ताण बसून चीर पडते ना, फटीग, त्यातही नुसता पत्रा जास्त टिकतो. घोळ होतो तो जोडात.

हे बघा, पत्र्याला चुंबक लावला, चिकटत नाही. आता बीडवर, म्हणजे वेल्डिंगच्या पट्टीवर धरतो... लागली ना हलकी ओढ? ते फेराइट, पोलादातला चुंबकाला ओढ देणारा भाग. बीड गोठताना गरम-गरम तडकू नये म्हणून ३०८एल फिलरमध्ये, म्हणजे जोडात वितळवून भरायच्या तारेत ते मुद्दाम राखलेलं असतं. पण अतिथंडीत हेच ठिसूळ होतं. म्हणून पत्र्यात जेवढी चीर खपून जाते, तेवढी बीडमध्ये खपत नाही.

आता बीडच्या कडेनं नख फिरवा. अडकलं? तो अंडरकट, बीडच्या कडेला पत्र्यात पडलेली खाच. सगळा ताण तिथंच गोळा होतो, चीर तिथूनच निघते. पत्रा थंडीत कितीही ताकदवान झाला तरी या खाचेपुढं त्याचा फारसा उपयोग नाही.

आणि ताण येतो कुठून? मीटरभर पाइप थंड झाला की जवळजवळ ३ मिलिमीटर आक्रसतो. लाइन रिकामी झाली की परत आपल्या मे महिन्याच्या उन्हात लांबतो. दोन्ही टोकं जखडलेली असतील तर प्रत्येक भरणीला तो हिसका जोड खातो. लाइनीला लूप (पाइपचा वळसा) किंवा बेलोज (भात्यासारखा लवचीक तुकडा) द्यायचे ते यासाठीच.

अंडरकट ग्राइंड करून कड गुळगुळीत करायला वेळ लागतो, आणि घाईत नेमकं हेच काम सुटतं. मला याचं फार वाईट वाटतं. रूट, म्हणजे जोडाचा तळ पूर्ण भरा, पाइपच्या आतून आर्गॉनचं पर्जिंग द्या, म्हणजे आतली हवा आर्गॉननं हुसकवा. फिलर कमी फेराइटचा मागा, पण शून्याचा हट्ट नको, नाहीतर बीड गरमच तडकेल. आणि आघात-चाचणीचा (हातोड्याच्या फटक्यानं नमुना तोडून बघायच्या चाचणीचा) कागद बघितल्याशिवाय कामाला हात लावू नका: बी३१.३ या पाइपिंगच्या कोडप्रमाणं तुटलेला नमुना बाजूला किमान ०.३८ मिलिमीटर फुगलेला असावा लागतो, आणि चाचणी लाइनीच्या थंडीतलीच हवी. खोलीच्या तापमानातला आकडा इथं चालत नाही.